श्रद्धा आणि शंका यांची झटापट असलेली छोटी मराठी कादंबरी सुचवाल का?

दि. बा. मोकाशींची 'आनंदओवरी'. तुकाराम नाहीसे झालेत आणि धाकटा भाऊ कान्हा त्यांना शोधतोय, एवढंच कथानक. गाव 'तुकाराम वैकुंठाला गेले' म्हणून मोकळं होतं. कान्ह्याला मात्र इंद्रायणीकाठी आपला दादा हवा असतो. ही शंका नास्तिकाची नाही, घरच्या माणसाची आहे. म्हणून जास्त टोचते.

मी ती प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या मंगळवारच्या रांगेत वाचत होतो. आई पुढे, हातात जास्वंद नि दूर्वा. मी मागे, केवळ पिशवी धरायला. (देवळात मी तसा उपराच.) रांग सरकली तरी मी पानातच. आई वळून म्हणाली, "अरे, चल की! सापडला का तुझा तुकाराम?"