वजनांच्या खोलीपर्यंतची वीस पावले

“मी जिमला नियमित जाते, ट्रेडमिलवर चालते, सायकलही चालवते, पण वजनांच्या खोलीत काही केल्या पाय टाकवत नाही. सगळे माझ्याकडेच बघतील, माझे काहीतरी चुकेल आणि हसे होईल, असे वाटत राहते.” ही अडचण घेऊन येणाऱ्या स्त्रिया वयाने, शिक्षणाने आणि स्वभावाने अगदी वेगवेगळ्या असतात, पण त्यांचे हे वाक्य जवळपास तेच असते. ते बोलून झाल्यावर बहुतेकजणी ओशाळतात आणि एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यायला हवे होते का, असे विचारतात. मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. ज्या व्यायामाची शरीराला गरज आहे, ज्याचे पैसे भरलेले आहेत आणि जो काही पावलांवर उपलब्ध आहे, तो केवळ इतरांच्या नजरेच्या धास्तीने महिनोन्महिने टाळला जात असेल, तर ते गंभीरपणे घेण्यासारखेच आहे. अशाच एका अनुभवाविषयी येथे लिहीत आहे. संबंधित व्यक्तीची संमती घेतलेली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या ४४ वर्षांच्या होत्या. कार्यालयात १२ जणांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि बैठकीत ठाम बोलण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तपासणीत हाडांची घनता अपेक्षेपेक्षा कमी आढळल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना चालण्याच्या जोडीला वजनांचा व्यायाम सुरू करण्यास सांगितले होते. सल्ला योग्यच होता. स्नायू हाडाला ओढतात आणि हाडावर भार येतो, तेव्हाच हाडाला स्वतःला टिकवून धरण्याचा संकेत मिळतो. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत, म्हणजे हाडांची झीज वेगाने होते त्या काळात, हा संकेत विशेष मोलाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे सांगितले आहे. त्यांना हे सगळे ठाऊक होते. तरीही पाच महिने त्या ट्रेडमिलवरच होत्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यावर जिमचा आराखडा काढला. एका बाजूला ट्रेडमिलची रांग, मध्ये काचेचे दार आणि त्याच्या आत भिंतीला लागून डंबेलचा रॅक. “वीस पावले आहेत. मी मोजली आहेत,” असे त्या म्हणाल्या. एकदा त्या आत गेल्याही होत्या. २ किलोची जोडी उचलून, कोणाकडे न बघता, चटया ठेवलेल्या कोपऱ्यात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून हात वरखाली करू लागल्या. तेवढ्यात एक तरुण चटई घ्यायला आला. आपण त्याच्या वाटेत उभ्या आहोत असे वाटून त्यांनी घाईने डंबेल रॅकवर ठेवले आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलवरून त्यांना काचेपलीकडे दिसले की, ती जोडी त्यांनी ६ किलोच्या जागी ठेवली होती. ही चूक पुढे पंधरा दिवस त्यांच्या मनातून गेली नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे झुकून ऐकावे लागले.

अशा वेळी धीर देण्यासाठी आप्तजन जे वाक्य हमखास म्हणतात, ते मी कटाक्षाने टाळते. ते वाक्य म्हणजे, “अगं, तुझ्याकडे कोणीही बघत नाही.” एक तर ते पूर्णपणे खरे नाही. जेथे स्त्रिया मोजक्या असतात तेथे नव्याने आलेल्या स्त्रीकडे एखादी नजर वळते आणि तिला ते दिसतेही. मग धीर देणाऱ्यावरचा तिचा विश्वासच कमी होतो. दुसरे म्हणजे, त्या वाक्याने तिची सुरक्षितता कोणी न बघण्यावर अवलंबून ठेवली जाते. माझ्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: कोणी बघितलेच, तर पुढे नेमके काय होते?

त्यांच्या बाबतीत ते पाहण्यापूर्वी, मनात काय घडते हे समजून घेणे आवश्यक होते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भयाची जी मांडणी केली, तिचा मला या कामात फार उपयोग होतो. चारचौघांत भीती वाटू लागली की माणसाचे लक्ष बाहेरच्या जगावरून उडून स्वतःवर खिळते. छातीची धडधड, तापलेले कान, थरथरणारे हात हे सारे आतून तीव्रतेने जाणवते आणि जितके ते आपल्याला जाणवते आहे तितकेच ते इतरांना दिसत असणार, असे मन गृहीत धरते. प्रत्यक्षात समोरच्यांचे चेहरे आपण पाहिलेलेच नसतात. त्यांना मी विचारले, “चटई घ्यायला आलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर काय होते?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मी बघितलेच नाही हो.” पंधरा दिवस ज्याच्या मताचा त्यांना त्रास झाला होता, त्याचा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

लोकांचे आपल्याकडे किती लक्ष असते याचा आपला अंदाज सहसा चढाच असतो. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ज्याचे चित्र अंगावर मिरवण्याची लाज वाटेल अशा गायकाचा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा त्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले. हा प्रयोग मी त्यांना सांगितला, पण दुसऱ्यांच्या प्रयोगाने आपली भीती जात नाही. म्हणून त्यांनी स्वतःच मोजणी करायचे ठरले. त्या आठवड्यात त्यांनी वजन उचलायचे नव्हते. काचेच्या दाराआत बाकावर १० मिनिटे बसायचे आणि एकेक माणूस कोठे बघतो आहे याची नोंद करायची, एवढेच काम होते. जाण्यापूर्वी त्यांनी अंदाज लिहिला होता: दहांपैकी आठजण माझ्याकडे बघतील. परत आल्या त्या नोंदींनी भरलेले पान घेऊन. चारजण आरशात स्वतःलाच बघत होते, तिघे दोन सेटच्या मध्ये मोबाइलमध्ये होते, एक जण डोळे मिटून बसला होता. दोघांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांपैकी एकाने हा बाक तुम्हाला हवा आहे का, एवढेच विचारले आणि दुसऱ्याची नजर त्यांच्यामागच्या घड्याळाकडे होती.

मात्र केवळ नजरेचा प्रश्न सुटून भागणार नव्हते. अशा भीतीचा मोठा भाग मनात नसून अज्ञानात असतो, असे माझे मत आहे आणि समुपदेशकांनी ते मान्य करायला हवे. बाकाची पाठ कशी उचलायची, यंत्रातली पिन कोणत्या भोकात घालायची, दांड्याच्या टोकाच्या क्लिपा कशा लावायच्या, हे कोणी कधी दाखवलेच नसेल, तर अवघडलेपणा वाटणे हा आजार नव्हे. वजन न लावलेला दांडा म्हणजे काही वजनच नाही, असे त्या समजत होत्या. वस्तुतः प्रमाणित दांडा रिकामाच २० किलोचा असतो आणि स्त्रियांच्या स्पर्धांसाठीचा १५ किलोचा. हे कळल्यावर त्या एकदम सैलावल्या, कारण एकदा तो उचलता न आल्याने त्यांनी स्वतःला फार कमकुवत ठरवले होते. मुलांना हे ज्ञान बहुधा मित्रांच्या संगतीत, चुका करत, सहज मिळते. मुलींना तशी संगत फार कमी मिळत आली आहे. भारोत्तोलन हा खेळ १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये होता, स्त्रियांसाठी तो तेथे आला २००० मध्ये. एका बाईला लोखंडापाशी परके वाटते, तेव्हा त्यामागे एवढा मोठा काळ उभा असतो, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले.

त्यानंतर आम्ही पायऱ्या आखल्या. प्रत्येक पायरीपुढे त्यांनी भीतीला ० ते १०० मधला आकडा दिला. गर्दी नसलेल्या वेळी प्रशिक्षिकेकडून पाच व्यायाम शिकून घेणे ही ३५ ची पायरी होती, त्याच वेळी एकटीने ते करणे ५० ची, बाकावर कोणी असताना “तुमचे किती सेट राहिलेत?” असे विचारणे ७० ची, आणि संध्याकाळच्या गर्दीत आरशासमोर बैठका मारणे ९० ची. यासोबत एक अट होती, जिच्याविषयी आमची थोडी ओढाताण झाली. त्या काही न वाजणारे हेडफोन लावून जात, सैल जॅकेट अंगातून काढत नसत, भिंतीकडे तोंड करत आणि कोणी जवळ आले की सेट अर्धवट सोडत. या सगळ्यामुळेच आपण निभावतो, असे त्यांना वाटे. अडचण अशी की, अशा आडोशांमुळे “आज वाचले ते हेडफोनमुळे” असा निष्कर्ष निघतो आणि भीतीची परीक्षा होतच नाही. दर आठवड्याला एक आडोसा सोडायचा, असे शेवटी ठरले. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबून मग आत जायचे, हा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. ती बाहेर थांबून जात नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. त्या एका हाताने डंबेल कमरेकडे ओढण्याचा व्यायाम करत असताना एक गृहस्थ न विचारता जवळ आले, “असे नाही करायचे,” म्हणाले आणि त्यांचे कोपर धरून हलवू लागले. त्या हसून “हो, हो” म्हणाल्या आणि निघून आल्या. पुढचे दोन आठवडे त्या गेल्या नाहीत. मला ते समजले तेव्हा मी लगेच पायऱ्यांचा कागद पुढे घेऊन पुन्हा कोठून सुरुवात करायची ते बोलू लागले. ती माझी घाई झाली. त्यांनी मला थांबवून विचारले, “म्हणजे मलाच वाटले, असे तुमचे म्हणणे आहे का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. हजार नजरांची कल्पना करणे ही एक गोष्ट आणि परवानगीशिवाय अंगाला हात लागणे ही दुसरी. पहिलीसाठी सराव लागतो, दुसरीसाठी तक्रार. ज्या स्त्रीला आपली भीती फोल आहे असे शिकवले जाते, ती खऱ्या त्रासाच्या वेळीही स्वतःवरच संशय घेऊ लागते, याचे भान आम्हा समुपदेशकांना सतत ठेवावे लागते.

ती पूर्ण भेट आम्ही दोन वाक्यांसाठी दिली. न मागितलेल्या सल्ल्यासाठी: “धन्यवाद, मला सध्या मदत नको आहे.” स्पर्शासाठी: “हात लावू नका.” दुसरे वाक्य त्यांना हसल्याशिवाय म्हणता येत नव्हते. बैठकीत बारा जणांना ठामपणे नकार देणाऱ्या त्या, येथे प्रत्येक वेळी शेवटी “हं” जोडून ते मऊ करत. उभे राहून, माझ्या डोळ्यांत बघून, आठ-नऊ वेळा म्हटल्यावर ते सरळ आले. त्यांनी व्यवस्थापकांकडे लेखी तक्रारही दिली आणि त्या गृहस्थांना समज देण्यात आली. तशी दखल घेतली गेली नसती, तर मी त्यांना चिकाटी धरण्याचा सल्ला दिला नसता. जिम बदलण्यास सांगितले असते.

पुन्हा सुरुवात केल्यावर त्यांना शरीराचीच मदत झाली. वजनांच्या व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढलेले नसतानाही ताकद भराभर वाढते, कारण मज्जासंस्था असलेल्या स्नायूंना एकत्र कामाला लावायला शिकते. छातीशी डंबेल धरून बैठका मारायला त्यांनी ४ किलोपासून सुरुवात केली होती. सातव्या आठवड्यात त्या १२ किलोवर होत्या. स्वतःच्या हातांनी आलेला असा अनुभव माझ्या कोणत्याही शब्दांपेक्षा अधिक पटतो. शरीर पुरुषी होईल का, हा प्रश्नही त्यांनी एकदा ओझरता विचारला होता. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते आणि तसे शरीर घडवायला वर्षानुवर्षांची कठोर मेहनत लागते, एवढे सांगितल्यावर तो विषय संपला.

९० च्या पायरीला त्या तीनदा माघारी आल्या. चौथ्या वेळी जॅकेट बाहेर लॉकरमध्ये ठेवून, आरशासमोर उभ्या राहून त्यांनी तिन्ही सेट पूर्ण केले. आत शिरताना आकडा ८५ होता, दुसऱ्या सेटनंतर ६०, आणि निघताना डंबेल त्यांनी रॅकवर १२ च्या जागी, आकडा वाचून, ठेवले.

आमची शेवटची भेट त्यानंतर दीड महिन्याने झाली. त्यांनी नेहमीची वही आणली होती. तारीख, व्यायाम, किलो आणि भीती असे चार रकाने मीच त्यांना आखून दिले होते. मी पाने उलटत गेले. पहिले तीन रकाने नीट भरलेले होते. चौथ्यातला “भीती” हा शब्द मात्र तीन आठवड्यांपूर्वीच्या पानावर खोडलेला होता आणि त्याखाली बारीक अक्षरात “विश्रांती, सेकंद” असे लिहिलेले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “दोन सेटच्या मध्ये किती थांबते ते लिहायला जागाच नव्हती.”