वाचक विचारतात : लग्नात काय वाजवावं आणि कुठे थांबवावं

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात लॉनच्या तारखा भरायला लागतात आणि आमच्याकडे संगीताबद्दलची पत्रं येऊ लागतात. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो आहोत.

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरात, वर्धा रोडवरच्या लॉनवर, गोरज मुहूर्तावर आहे. सनईवाले बोलवावेत की रेकॉर्डिंग चालेल? कोणत्या वेळी काय वाजवावं?
— वधूची आई, मनीषनगर

जमत असेल तर सनईवालेच बोलवा, त्यासाठी सजावटीत थोडी काटकसर करावी लागली तरी. अंतरपाट दूर होतो त्याच क्षणी वाजंत्री सुरू व्हायला हवी. सनईवाल्याची नजर गुरुजींच्या हातावर असते. रेकॉर्डिंग लावणारा पोरगा मोबाइलमध्ये फाइल शोधत बसतो आणि तोवर अक्षता पडून हार घालून झालेले असतात.

चार माणसं पुरतात : एक मुख्य सनई, एक मागे सूर धरणारा, आणि संबळ किंवा चौघड्यावर दोघं. सलग अर्धा तास वाजवलं की त्यांना दहा मिनिटं विश्रांती द्या. जेवणाची वेळही आधीच ठरवा, नाहीतर नेमकी व्याही मंडळी आत येताना सनई पंगतीत सापडते.

डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पाहुणे साडेचारपासून येत असतील तर भीमपलास आणि पटदीप हे राग शोभतात, मावळतीला पूरिया धनाश्री. मारवाही त्याच वेळेचा राग आहे, पण तो षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकतच नाही, मनाला हुरहूर लावतो. लग्नघटीला तो नको. लग्न लागलं की यमन किंवा हंसध्वनी, जेवणावळीत देस, दुर्गा, मग बागेश्री. पाठवणीला ताल पूर्ण बंद ठेवा आणि एकटी सनई हळू वाजू द्या. तेव्हा रडकं सिनेगीत लावायची रीत पडली आहे, ती आम्हाला पटत नाही; माय-लेकी एकमेकींशी काय बोलतात ते त्यांना ऐकू तर आलं पाहिजे.

थंडीचंही बघा. संध्याकाळी लॉनवर दव उतरायला लागलं की संबळाचं चामडं ओल धरतं आणि आवाज बसतो. वाद्यं लागेपर्यंत झाकून ठेवायला सांगा. सनई गार असताना खालच्या सुरात बोलते आणि फुंकरीनं तापली की चढते, म्हणून वाजवणारे पाहुण्यांच्या वीस मिनिटं आधी बसायला हवेत. (मे महिन्यात उलट होतं : सनईची पत्ती सुकते, चामडं ताणून आवाज चढतो. तेव्हा सावलीची जागा आणि पिण्याचं पाणी आधी.)

प्रश्न : आमच्या घरच्या बायका स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार आहेत. मागच्या लग्नात तिसऱ्या कडव्यालाच आवाज फाटले आणि मुहूर्तही टळत होता. काय चुकलं असेल?
— वराची आत्या, महाल

तीन चुका नेहमी होतात : वृत्त, पट्टी आणि घड्याळ.

मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत १९ अक्षरं, थांबा १२व्या अक्षरानंतर. 'आली लग्नघटी समीप नवरा' ही बारा, मग श्वास, मग 'घेऊनि यावा घरा' ही सात. घरी रचताना अक्षरं मोजली जातात, पण लघु-गुरू (अक्षराचा उच्चार आखूड की लांब) बघायचे राहतात. मग नाव ओळीत बसत नाही आणि गाणारी ते ओढून-ताणून म्हणते. नावाला त्याच्या मापाची जागा शोधा. 'मृणाल' लघु-गुरू-लघु आहे, ते नेमकं 'समीप'च्या जागी बसतं. 'स्वप्नील' गुरू-गुरू-लघु, म्हणजे 'घेऊनि'च्या जागी, थांब्याच्या लगेच पुढे. ओळीच्या सुरुवातीला मात्र तीन गुरू लागतात, तिथे या दोन्हींपैकी एकही नाव चालत नाही.

आता पट्टी. पहिली गाणारी उत्साहात उंच सूर धरते, दुसरी त्याहून वर जाते, आणि तिसऱ्या ओळीत चाल तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, गेली की गळा साथ सोडतो. सगळ्यांनी मिळून एकच षड्ज ठरवा. बहुतेक बायकांना काळी चार किंवा काळी पाच (पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) झेपते. मोबाइलमधला तानपुरा त्या पट्टीवर लावून माइकपासून दूर, गाणाऱ्यांनाच ऐकू येईल इतका हळू ठेवा. चाल प्रत्येकीची वेगळी असली तरी चालते, षड्ज तेवढा बदलू नये. मध्ये काका एखादं कडवं म्हणणार असतील तर त्यांना ते शेवटी द्या, कारण पुरुषांची पट्टी साधारण काळी एक-दोनची असते आणि त्यानंतर बायकांना आपला सूर पुन्हा सापडत नाही.

घड्याळाचं गणित सोपं आहे. सावकाश म्हटलेलं एक कडवं 'शुभमंगल सावधान'सह पाऊण ते एक मिनिट घेतं. आठ म्हणजे सहा ते आठ मिनिटं. त्यानंतर गुरुजींना 'तदेव लग्नं' म्हणायला मुहूर्ताआधी मिनिटभर मोकळं हवं. म्हणून मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी सुरुवात करा. घरची पाचच ठेवा, उरलेली गुरुजींवर सोडा : वेळ सरत आली तर ते दोन गाळतील, उरली तर एखादं वाढवतील. तुमच्या नणंदेचं कडवं मात्र गाळता येत नाही, रुसवा वर्षभर पुरतो.

माइक एकच, दांडीवर, तोंडापासून चार बोटं. हातोहात फिरवला की दर वेळी खरखर होते आणि कोणीतरी तो स्पीकरसमोर नेऊन शिट्टी काढतं. माइकवर स्पंजची टोपी असू द्या, अक्षतांचे दाणे जाळीवर ताडताड वाजतात.

प्रश्न : आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं, इंदोऱ्याजवळच्या सभागृहात आहे. वंदनेच्या मागे बासरीची धून लावावी असं मित्र म्हणतो. भीमगीतं केव्हा घ्यावीत?
— नियोजित वर

वंदनेच्या मागे काहीही लावू नका. त्रिशरण-पंचशील मोजक्या स्वरांत म्हटलं जातं आणि सभागृह त्यात सूर मिसळतं. बासरी दुसऱ्या पट्टीत असली की अर्धे लोक तिच्याकडे ओढले जातात, अर्धे भन्तेजींकडे, म्हणजे वंदना म्हणणाऱ्या भिक्खूंकडे.

जयमंगल अष्टगाथेत आठही गाथांचा शेवट सारखा आहे : 'भवतु ते जयमंगलानि'. फुलं तिथेच टाकायची, हे सुरुवातीलाच माइकवरून सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच गाथेत पाकळ्या संपतात. नवव्या गाथेचा शेवट वेगळा आहे आणि तिथे सवयीनं सगळे तेच पालुपद म्हणतात, म्हणून म्हणणाऱ्यानं ती ओळ थोडी ठळक म्हणावी. भीमगीतं विधीच्या आधी अर्धा तास आणि मग जेवणाच्या वेळी घ्या, तीही पेटी-ढोलकीवर कोणी म्हणणारे असतील तर फारच छान.

प्रश्न : वरातीला धुमाल (गाडीवरून वाजणारा ढोल-ताशांचा ताफा) ठरवला आहे. दहाची अडचण येईल का? आणि गाणी वाजवायला कंपनीला पैसे द्यावे लागतात म्हणे?
— वाचक, नंदनवन

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. बंद सभागृहात, आतल्या आत चालतं. लॉन उघडं असतं, त्याला ही सूट नाही. सरकार वर्षातून काही दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देतं ती सणा-उत्सवांसाठी, घरच्या लग्नासाठी नव्हे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र वाटेत येत असेल तर तिथे दिवसाही वाजवू नका. वरातीचा रस्ता आदल्या दिवशी चालून बघा. नवरदेव मुहूर्ताच्या अर्धा तास आधी दारात हवा, आणि सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या शंभर पावलांनाच लागतो, कारण नाचणारे गेट दिसलं की पुढे सरकत नाहीत. घोडा असेल तर धुमालची गाडी त्याच्यापासून चांगली वीस पावलं पुढे ठेवा.

पैशांचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ (१) (झेडए) मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळे धरले आहेत. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सूचना काढून हेच पुन्हा स्पष्ट केलं. लॉनवाल्यानं बिलात अशी रक्कम लावली तर तिचा आधार लेखी मागा.