चालता येतंय, मग लक्षात का राहत नाही?

पत्र : वय ४१, पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस) निदान होऊन ६ वर्षं झाली. चालते-फिरते, त्यामुळे घरात कुणाला आजार दिसत नाही. पण आमटीत मीठ दोनदा पडतं. व्हाउचरची नोंद करताना फोन आला की आपण कुठे होतो तेच कळत नाही. सासूबाई म्हणतात, “तुझं लक्षच नसतं.” मोबाइलवरचे मेंदूचे खेळ रोज खेळते, फरक शून्य. मला वेड लागतंय का? नोकरी सोडू का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

ताई, वेड लागत नाहीये. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना हा त्रास होतो आणि पाय किती चालतात याच्याशी त्याचा फारसा मेळ नसतो. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि संदेश रेंगाळतात. एक गोष्ट डोक्यात पुरती शिरायच्या आत दुसरी येऊन धडकते. आणि जे आत गेलंच नाही ते नंतर आठवणार कुठून? म्हणून खरी काळजी घ्यायची ती ऐकताना आणि करताना.

स्वयंपाकाला लागण्याआधी आमटीचं मीठ मोजून छोट्या वाटीत काढा आणि बरणी कपाटात ठेवून द्या. वाटी रिकामी दिसली, म्हणजे मीठ पडलं. आठवायची गरजच उरत नाही. गॅस लावला की लगेच टायमर लावा, ‘मग लावते’ म्हणू नका. सासूबाईंकडे एकच मागणं मागा : “फोडणी चालू असताना मला काही सांगू नका, पाच मिनिटांनी सांगा.” बाकीचं त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, पुढच्या तपासणीला सोबत न्या.

ऑफिसात फोन वाजला तर उचलण्याआधी चिठ्ठीवर लिहा : ‘पुढचं व्हाउचर २१४.’ तीन सेकंद लागतात, पण परतायची जागा पक्की होते. तोंडी निरोप आला की आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा आणि लगेच डायरीत टाका. डायरी एकच हवी. चार ठिकाणी लिहिलेलं सापडत नाही. ताळेबंदासारखं किचकट काम सकाळी उरका. दर ४५ मिनिटांनी १० मिनिटं डोळे मिटून बसा, तेही थकवा येण्याआधी. एकदा पुरतं थकलात की तेवढ्या विश्रांतीने भागत नाही. उन्हाळ्यात शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी डोकं मंदावू शकतं. गार पाणी प्या, मानेवर ओला रुमाल ठेवा, पंख्याखाली बसा. शरीर थंड झालं की हा मंदपणा ओसरतो. त्याने नवी इजा होत नाही.

न्यूरोलॉजिस्टना डोकं किती वेगाने चालतं ते पाहणाऱ्या ‘एसडीएमटी’ चाचणीबद्दल विचारा. ९० सेकंदांत चिन्हांना अंक जुळवायचे असतात. आलेले गुण लिहून ठेवा, वर्षाने पुन्हा करा. ४ गुण घटले तर ती बाब गंभीरपणे घ्यायची. बी-१२, थायरॉइड, झोप आणि उदासी हेही तपासून घ्या, कारण यांवर उपचार होतात. औषधांची यादी दाखवा : लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन स्मरणाला मारक ठरू शकतं, स्नायूंच्या ताठरपणावरच्या बॅक्लोफेनने सुस्ती येते. मात्र स्वतःहून काही बंद करू नका. बॅक्लोफेन एकदम थांबवणं धोक्याचं आहे. दोन-तीन दिवसांत अचानक जास्त गोंधळ वाटू लागला तर डॉक्टरांना कळवा. अनेकदा मुळाशी लघवीतला जंतुसंसर्ग असतो, ताप नसला तरी.

मोबाइलच्या खेळांनी बहुतेक वेळा त्या खेळातच हात बसतो. त्यापेक्षा न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मरण-विचारांच्या अडचणींचे तज्ज्ञ) किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं जमवायला शिकवणारे) लक्षात ठेवायच्या युक्त्या शिका. अमेरिकेतल्या केसलर फाउंडेशनने अभ्यासलेल्या एका पद्धतीत ५ आठवड्यांत १० सत्रं असतात. लक्षात ठेवायच्या गोष्टींचं चित्र डोळ्यांपुढे आणून त्यांची गोष्ट गुंफायला शिकवतात. कोथिंबीर, बल्ब आणि चेक आणायचा असेल, तर बल्बच्या उजेडात कोथिंबिरीची जुडी चेकवर सही करतेय असं बघा. चित्र जितकं विचित्र, तितकं टिकतं.

नोकरी सोडू नका, निदान हे सगळं तीन महिने करून बघेपर्यंत तरी नाहीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुणे शाखांशी बोला. आणि व्यवस्थापकांना एका पानाचा अर्ज द्या : काउंटरपासून लांबचं टेबल, किचकट काम सकाळी, सूचना लेखी.