वाचक विचारतात : ॲलिस ऑस्वल्ड कुठून वाचाव्यात?

प्रश्न : ऑक्सफर्डचं कवितेचं प्राध्यापकपद सांभाळलेली पहिली स्त्री, म्हणून ब्रिटिश कवयित्री ॲलिस ऑस्वल्ड यांचं ‘डार्ट’ आणलं. पण थोड्या थोड्या वेळाने बोलणारा बदलतो आणि धागा सुटतो. आधी त्यांचं दुसरं पुस्तक वाचू का?

उत्तर : नको, ‘डार्ट’च वाचा. वाचायची रीत तेवढी बदला. हे पुस्तक म्हणजे एकच दीर्घ कविता आहे आणि ती इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डार्ट नदीबरोबर वाहते : उगमाकडच्या क्रॅनमीअर पूलपासून डार्टमथला समुद्राला मिळेपर्यंत. नदीचा नकाशा शेजारी ठेवा. कोण बोलतंय, ते समासात बारीक टिपांत दिलेलं असतं. बहुतेकांची नजर त्या टिपांवरून घसरते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. नदीकाठी राहणाऱ्या, काम करणाऱ्या माणसांशी ऑस्वल्ड दोन-तीन वर्षं बोलत होत्या, ते बोलणं ध्वनिमुद्रित करत होत्या. म्हणून वनरक्षक, सांडपाणी केंद्रातला कामगार, चोरून मासे मारणारा, होड्या बांधणारा असे सगळे इथे आपापल्या धंद्याच्या भाषेत बोलतात. ही सगळी नदीचीच पुटपुट समजा, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय. तेव्हा पात्रं लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. मोठ्याने वाचा, आणि शक्यतो एका बैठकीत. पन्नासेक पानांचंच पुस्तक आहे. २००२ साली त्याला कवितेसाठीचा टी. एस. एलियट पुरस्कार मिळाला.

त्यांचा जन्म १९६६चा. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकल्या आणि मग माळीकामाचं शिक्षण घेऊन बागांमध्ये काम केलं. ग्रीकचा पाया ‘मेमोरियल’मध्ये (२०११) दिसतो. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक युद्धकाव्यातलं कथानक, त्याचा नायक अकिलीस याचा रागसुद्धा, त्यांनी बाजूला काढलं आणि ठेवले ते युद्धात पडलेले सैनिक आणि उपमा. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत सुमारे दोनशे मृतांची नावं येतात. ही यादी ओलांडून पुढे जाऊ नका. प्रत्येक नाव उच्चारलं, तरच पुढचे मृत्यू अंगावर येतात. उपमा लागोपाठ दोनदा छापलेल्या दिसतील. ती छपाईतली चूक नव्हे, पालुपद आहे. त्याच वर्षी हे पुस्तक एलियट पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं, पण प्रायोजक गुंतवणूक कंपनी असल्याने त्यांनी ते मागे घेतलं. फार थोडे कवी असं करतात.

२०१७चा ग्रिफिन हा कवितेचा पुरस्कार मिळालेलं ‘फॉलिंग अवेक’ त्यानंतर घ्या. त्यातल्या ‘टिथोनस’ या शेवटच्या कवितेला मात्र घड्याळ लावून बसा : ती उजाडण्याच्या ४६ मिनिटांबरोबर चालते.