टोपी, शेपूट आणि पालकाचं पान

आमच्या नोट्समध्ये वनस्पतींच्या एमआरएनएला ‘कॅप वन’ म्हटलंय, पुस्तकात ‘कॅप झीरो’. बरोबर काय? – एमएस्सीची विद्यार्थिनी

कॅप झीरो. एमआरएनए म्हणजे जनुकावरून उतरवलेला, प्रथिन बनवण्याचा संदेश. त्याच्या सुरुवातीच्या टोकावरची टोपी, म्हणजेच कॅप, हा उलटा बसवलेला ग्वानोसिन (ग्वानिन असलेला आरएनएचा घटक). एरवी साखळीत एका घटकाच्या ३ प्राइम टोकाला पुढच्याचं ५ प्राइम टोक जोडलेलं असतं; इथे ५ प्राइमला ५ प्राइम, मध्ये तीन फॉस्फेट. ग्वानिनच्या ७ क्रमांकाच्या नायट्रोजनवर एक मेथिल गट. प्राण्यांत पुढच्या घटकाच्या (न्यूक्लिओटाइडच्या) रायबोज साखरेवरही मेथिल येतो, ती कॅप वन. वनस्पतींत तो सहसा नसतो. टोपीवरचा मेथिल किती मोलाचा, हे १९७५ साली गव्हाच्या अंकुराच्या अर्कात दिसलं. तो नसला की विषाणूच्या एमआरएनएवरून प्रथिन जेमतेम बनायचं.

पालकाच्या पानातून आरएनए काढून ऑलिगो-डीटीने सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) केला. आरबीसीएस छान मिळाला, आरबीसीएल मात्र नीट येत नाही. कुठे चुकतंय? – संशोधक विद्यार्थी

तुमचा हात चांगला आहे, प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) बदला. रुबिस्को हे पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं एकच प्रथिन, पण त्याचा लहान भाग केंद्रकातल्या जनुकावरून (आरबीसीएस) बनतो आणि मोठा भाग हरितलवकातल्या (आरबीसीएल). केंद्रकातून आलेल्या संदेशाला टोपी आणि ॲडेनिनची लांब शेपूट असते. ऑलिगो-डीटी हा प्रायमर ती शेपूटच पकडतो. हरितलवकातल्या संदेशाला टोपी नाही आणि तशी टिकाऊ लांब शेपूटही नाही. त्याचं ३ प्राइम टोक हेअरपिनसारख्या घडीने किंवा चिकटून बसलेल्या प्रथिनाने जपलं जातं. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं: तिथे ॲडेनिनची शेपूट लागली, तर संदेश लवकर मोडीत निघतो. केंद्रकातल्या संदेशाला जी शेपूट तारते, तीच इथे मारते. रँडम हेक्सामर (संदेशावर कुठेही चिकटणारे सहा अक्षरी प्रायमर) वापरा. आधी डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) द्यायला मात्र विसरू नका, पानात हरितलवकाचा डीएनए भरपूर असतो.

टोपी नसलेले विषाणू मिरचीला कसे फसवतात? – मिरची उत्पादक

पोटॅटो व्हायरस वाय या मिरचीलाही लागणाऱ्या विषाणूच्या आरएनएला टोपीच्या जागी व्हीपीजी नावाचं प्रथिन चिकटलेलं असतं. झाडात टोपी ओळखणारं एक प्रथिन असतं, ईआयएफ४ई. व्हीपीजी त्यालाच जाऊन धरतो. मिरचीच्या काही वाणांत या प्रथिनाची घडण थोडी बदललेली असते. मग व्हीपीजीची पकड बसत नाही आणि विषाणूचं काम अडतं. हे बदललेलं प्रथिन बनवणाऱ्या जनुकाला पीव्हीआर२ म्हणतात. ते अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलं तरच उपयोग. आणि चुरडा-मुरड्यासाठी यावर विसंबू नका. तो फुलकिड्यांमुळे, कोळ्यांमुळे किंवा पांढरी माशी पसरवते त्या डीएनए विषाणूमुळे होतो. तिथे पीव्हीआर२ कामाला येत नाही.