सहावीच्या वर्गात टुरेट असलेला मुलगा आहे, त्याला कसं सांभाळून घेऊ?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या तुमच्या वर्गात एक मुलगा सारखे डोळे मिचकावतो, घसा खाकरतो, आणि 'बंद कर' म्हटलं की पाच मिनिटं थांबून मग दुप्पट करतो. निदान टुरेटचं झालं आहे, म्हणजे अशा हालचाली आणि आवाज मुद्दाम न करता वारंवार होण्याचा विकार. या हालचाली-आवाजांना टिक म्हणतात.

तसं होणारच. टिक येण्याआधी त्या जागी अस्वस्थ ओढ दाटते, शिंकेआधी नाकात दाटते तशी. टिक झाली की ती उतरते. मूल ती थोडा वेळ दाबू शकतं, पण तेवढा वेळ त्याचं सगळं लक्ष दाबण्यातच जातं आणि गणित फळ्यावरच राहतं. म्हणून टोकणं आधी थांबवा. शाळेत दाबलेलं बरेचदा घरी उसळून येतं, तेव्हा 'आमच्याकडे तर करत नाही' असं आईवडिलांना ऐकवू नका.

पहिल्या बाकावर बसवू नका. अख्ख्या वर्गाचे डोळे त्याच्या पाठीवर राहतात. कडेला, दाराजवळ बरं. एखादी खूण ठरवा, समजा वही उपडी ठेवली, की त्यानं न विचारता ५ मिनिटं बाहेर जाऊन यावं.

खरं नुकसान लिखाणात होतं. मान झटकली की ओळ सुटते, डोळे मिचकावताना फळ्यावरची जागा हरवते. फळ्यावरचं छापून हातात द्या, अक्षराचे गुण कापू नका. परीक्षेला जादा वेळ आणि वेगळी खोली द्या, म्हणजे दाबायची गरजच उरत नाही. सहावीपुरतं हे मुख्याध्यापक ठरवू शकतात. बोर्डासाठी डॉक्टरांचे कागद नववीतच तयार ठेवा. कागद फाटेपर्यंत खोडरबर चालत असेल, तर ती टिक नसून मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे मनाचं समाधान होईपर्यंत तेच तेच करत राहणं) असू शकतो. तो आणि लक्ष न टिकणं, दोन्ही टुरेटसोबत पुष्कळदा असतात आणि अभ्यासाला टिकपेक्षा जास्त नडतात. डॉक्टरांना हे जरूर कळवा.

टिक कमीजास्त होतात, बदलतात. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर पाहून आलेल्या मुलाची दुसऱ्या दिवशी चाचणी घेऊ नका. जागरण आणि उत्साह, दोन्हींनी टिक वाढतात. साधारण १० ते १२ वर्षांच्या सुमारास त्या सर्वांत जोरात असतात, पुढे बहुतेकांच्या ओसरतात. तोंडून शिव्या निघणं दहातल्या एखाद्यालाच होतं. वर्गाला समजावायचं असेल, तर आधी त्याची आणि घरच्यांची परवानगी घ्या.

उपचारासाठी इंदूरच्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाच्या बालरोग किंवा मानसोपचार विभागात विचारता येईल. गोळ्यांआधी बहुधा वर्तनोपचार सुचवतात: ओढ ओळखायची आणि खाकरण्याऐवजी तोंड मिटून नाकानं संथ श्वास घ्यायचा. तो हे शिकत असला, तरी वर्गात 'श्वास घे' अशी आठवण करू नका. तेही टोकणंच होतं.