सोयाबीननंतरच्या गव्हात मूळकूज

प्रश्न : ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या रानात फुले समाधान गहू पेरला. आता जागोजागी रोपं पिवळी पडून वाळतायत, ओढली की अलगद हातात येतात. दुकानदार युरिया टाकून बुरशीनाशक पाण्यातून सोडायला सांगतोय. सोडू का? पुढच्या साली तिथं हरभरा चालेल का?
— शेतकरी, ता. कोपरगाव

उत्तर : दादा, सोडू नका. ओढलं की रोप हातात येतं म्हणून मला आधी वाळवीचाच संशय आला होता. पण वाळवीनं खाल्लेलं मूळ कुरतडलेलं आणि मातीनं लिंपलेलं दिसतं. तुमच्या फोटोत मूळ तपकिरी आहे, खोडाच्या बुडाला कापसासारखी पांढरी बुरशी आहे आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे आहेत. ही स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे म्हणजे तिचं बियाणंच म्हणा, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं.

ती तुमच्या रानात फोफावली कशामुळे? सोयाबीनचं काड रोटाव्हेटरनं वरच्यावर मिसळलं, ते कुजायच्या आत पेरणी झाली आणि ऑक्टोबरच्या उन्हात जमीन तापलेली होती. अर्धवट कुजलेलं काड, ऊब आणि ओल, या बुरशीला आणखी काही लागत नाही. समाधान वाण उशिराच्या पेरणीलाही चालतो, मग एवढी घाई कशाला? नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा गाठा.

वाळलेलं रोप कुठल्याही औषधानं उठत नाही, आणि अख्ख्या रानात बुरशीनाशक सोडण्याचा खर्च या पिकातून निघणार नाही. युरियानं तर कुजलेलं मूळ सुधारत नाहीच. वाळलेली रोपं बुडच्या मातीसकट उपटून रानाबाहेर जाळा, बांधावर टाकू नका. पाणी वाफसा मोडल्यावरच, म्हणजे जमिनीतली ओल कमी झाल्यावरच द्या, वाफ्यात ते तुंबू देऊ नका. थंडी वाढली की बुरशीचा जोर ओसरतो, आणि शेजारची निरोगी रोपं जास्त फुटवे देऊन बरीचशी जागा भरून काढतात.

हरभरा मात्र त्या तुकड्यात अजिबात नको! हीच बुरशी त्याला रोपावस्थेतच धरते. भुईमुगालाही सोडत नाही. खरिपात सोयाबीनऐवजी तिथं मका घ्या. त्याआधी उन्हाळ्यात नांगरट खोल करा, म्हणजे ते दाणे खाली गाडले जातील. वर राहिलेले उन्हात तापतील.

पुढच्या गव्हाला बीजप्रक्रिया चुकवू नका. किलोला ३ ग्रॅम थायरम चोळा, वरून अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र पिकाला देणारं जिवाणू खत) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत) प्रत्येकी २५ ग्रॅम लावून बी सावलीत सुकवा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, वापरायचा तर तो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी जमिनीत द्या, थायरम लावलेल्या बियाण्याला चोळू नका. थायरम ही बुरशी मारणारी पूड आहे आणि ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे.